लसीकरणाची ऑनलाइन नोंदणी: फॉर्मच्या आधी काय, नंतर काय, सगळं क्रमाने

लसीची नोंदणी चालू करायचं ठरलं की पहिल्याच मीटिंगमध्ये कोणीतरी लॅपटॉप उघडून फॉर्म बनवायला घेतो, संध्याकाळपर्यंत लिंक ग्रुपवर फिरते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहा मिनिटांत सगळे स्लॉट (लस घ्यायच्या ठरलेल्या वेळा) खलास. मग फोन सुरू होतात. मिळालं कोणाला, तर ज्यांचं नेट फास्ट, ज्यांच्या घरात पटापट टाइप करणारं पोरगं आहे, ज्यांना लिंक पाच मिनिटं आधी कळली त्यांना. ज्यांना सगळ्यात आधी मिळायला हवी होती ते यादीतच नाहीत.

हे परत परत होतं म्हणून लिहितोय. साथीची लस असो नाहीतर नेहमीची मोहीम, साठा कमी आणि माणसं जास्त असली की हाच क्रम लागतो. त्यासाठी मोठी सिस्टिमच पाहिजे असं काही नाही, साध्या स्प्रेडशीटवर पण जमतं. फक्त एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, की नोंदणी घेणं आणि वेळ देणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि ती वेगवेगळ्या दिवशी करायची. दोन्ही एकाच बटनावर ठेवलं की शर्यत लागते, मग वर कितीही सुंदर नियम लिहा.

## टप्पा १: नियम कागदावर, मशीनला कळेल असा

"गरजूंना प्राधान्य" असलं वाक्य चालत नाही, कारण टेबलावर बसलेल्या माणसाला त्यावरून समोरच्याला हो म्हणायचं का नाही हे ठरवता येत नाही. नियम असा लिहा की दोन वेगळ्या माणसांनी एकाच फॉर्मकडे बघून एकच उत्तर दिलं पाहिजे.

वय घ्या. "६० च्या वरचे" म्हणजे कोणत्या तारखेला ६०? आज, का लस घेतील त्या दिवशी, का वर्षअखेरीस? भारतात १ मार्च २०२१ पासून ज्येष्ठांचं लसीकरण सुरू झालं तेव्हा वय १ जानेवारी २०२२ या तारखेला मोजायचं असं स्पष्ट लिहून दिलेलं होतं, आणि ४५ ते ५९ वाल्यांसाठी २० आजारांची यादी जोडलेली होती. यादी पटली नाही तर भांडता येतं, पण निदान भांडायला यादी तरी असते.

नियम लिहिल्यावर तो खोट्या माणसांवर चालवून बघा. ४०-५० काल्पनिक माणसं बनवा. एकटी राहणारी म्हातारी जिच्याकडे फोन नाही, दोन ठिकाणी काम करणारा वॉर्डबॉय, जन्मतारीख माहीत नसलेला मजूर, नुकताच शहर बदललेला पेशंट, कंत्राटावरची सफाई कामगार. प्रत्येकाचा नंबर कितवा लागतो बघा. हा खेळ वाटतो पण न खेळल्यामुळे डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डच्या हॉस्पिटलचं चांगलंच हसं झालं. त्यांच्या सूत्रात वयाला वजन होतं आणि कामाच्या ठरलेल्या जागेला होतं, निवासी डॉक्टर वयाने तरुण आणि आज ह्या वॉर्डात तर उद्या त्या, त्यामुळे पहिल्या ५००० डोसांच्या यादीत तेराशेहून जास्त निवासी डॉक्टरांपैकी फक्त ७ जण आले. कोविड वॉर्ड सांभाळत होते तेच बाहेर राहिले. सूत्र कागदावर ठीक दिसत होतं, निकाल मात्र असा निघाला.

राखीव वाटा ठेवणार असाल तर क्रम पण लिहा. हे भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. समजा १०० डोस आहेत आणि २० सगळ्यात जास्त फटका बसलेल्या वस्त्यांसाठी राखीव. आता भरायचं कसं?

- आधी राखीव २० भरले, तर त्या वस्त्यांमधले जे तसेही यादीत वर होते तेच तिथे बसतात, आणि बाकीचे ८० मध्ये सगळ्यांबरोबर स्पर्धा करतात.
- आधी खुले ८० भरले, तर वरचे लोक खुल्यातून येतात आणि राखीव २० खालच्यांपर्यंत पोचतात.

कागदावर दोन्हीकडे २० टक्केच लिहिलेलं आहे पण त्या वस्त्यांमध्ये पोचणारे डोस वेगळे. दुसरी पद्धत राखीव गटाला जास्त देते. राखीव ठेवायचा उद्देश तोच असेल तर आधी खुले भरा, आणि कुठली पद्धत धरली ते नियमातच लिहून टाका, नंतर सॉफ्टवेअरवाल्याच्या मर्जीवर ते ठरायला नको.

तपासा: नियमाचा कागद ह्या कामाशी संबंध नसलेल्या माणसाला द्या, त्यासोबत दहा काल्पनिक फॉर्म द्या, त्याला क्रम लावू द्या. तुमचा आणि त्याचा क्रम जुळला नाही तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: साठा आणि खुर्च्या मोजा

स्लॉट किती काढायचे हे येणार असलेल्या साठ्यावरून नाही ठरवायचं, फ्रिजमध्ये आलेल्या साठ्यावरून ठरवायचं. "परवा येतोय" वर स्लॉट उघडले की परवा माणसं येतात, लस येतेच असं नाही.

हिशोब असा करा. हातात ३०० डोस आहेत. ह्या आठवड्यात दुसरा डोस घ्यायचा ज्यांचा आहे ते ११०. ते आधी बाजूला काढा. राहिले १९०, म्हणजे १० डोसांच्या १९ व्हायल (लसीच्या छोट्या बाटल्या). स्लॉट नेहमी व्हायलच्या पटीत काढा कारण एकदा उघडलेली व्हायल थांबत नाही. बीसीजी, गोवर-रुबेला अशा पावडर द्रावणात कालवून द्यायच्या लसी जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमाने ६ तासांत नाहीतर सत्र संपताच, जे आधी होईल तेव्हा, टाकून द्यायच्या असतात, काही कार्यक्रमांत हीच मर्यादा ४ तासांची धरतात. तुमच्या लसीला काय लागू आहे ते सोबतच्या माहितीपत्रकात आणि वरून आलेल्या सूचनेत बघून भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा.

मग माणसांचा वेग. एका टेबलावर एका माणसाला ५ मिनिटं धरली तर तासाला १२. दिवसात प्रत्यक्ष टोचायचे ५ तास मिळाले तर ६०, म्हणजे बरोबर ६ व्हायल. लस घेतल्यावर अर्धा तास बसवून ठेवायचं असेल तर एका टेबलामागे कायम ६ खुर्च्या भरलेल्या राहणार, शिवाय म्हाताऱ्या माणसाबरोबर कोणीतरी येतंच, त्याची खुर्ची वेगळी. बऱ्याच ठिकाणी टेबलं वाढवतात आणि खुर्च्या विसरतात, मग गर्दी दारात साचते आणि नाव मात्र सॉफ्टवेअरचं खराब होतं.

थांबा: "दहा टक्के येत नाहीतच" म्हणून जास्तीचे स्लॉट काढू नका. सगळे आले तर शेवटच्या सहा जणांना परत पाठवायचं काम तुमच्या नर्सला करावं लागेल. न आलेल्यांसाठी राखीव यादी असते, ती पुढे टप्पा ८ मध्ये.

## टप्पा ३: आता फॉर्म

फॉर्म छोटा ठेवा. नाव, जन्मवर्ष, संपर्काचा नंबर, राहण्याचा भाग, कोणत्या गटात बसता, आणि मदत लागते का (चालता येत नाही, ऐकू येत नाही, घरी येऊन द्यावी लागेल). बास. प्रत्येक जास्तीच्या रकान्याला विचारा, ह्या उत्तराने यादीत कोणाची जागा बदलते का? बदलत नसेल तर काढून टाका. आजाराचं नाव विचारायची गरज नाही, "यादीतला आजार आहे का" हो किंवा नाही एवढं पुरे, कागद केंद्रावर बघता येतो. लोकांच्या आजारांचा ढीग तुमच्या ड्राइव्हवर साठवून ठेवणं म्हणजे स्वतःहून घेतलेलं दुखणं.

आता बारीकसारीक गोष्टी, ज्यांच्यावर फॉर्म खरोखर अडकतात:

आकडे. मराठी कीबोर्डवरून माणूस ९८ असं देवनागरीत टाइप करतो आणि फॉर्म म्हणतो "नंबर चुकीचा आहे". तो बिचारा नंबर चार वेळा तपासतो, नंबर बरोबरच असतो, मग नाद सोडतो. देवनागरी आकडे आतल्या आत बदलून घ्या, माणसाला काही बोलू नका.

जन्मतारीख. पूर्ण तारीख सक्तीची केली की ज्यांना फक्त वर्ष माहीत आहे ते कुठलीतरी तारीख ठोकतात, आणि मग यादीत १ जानेवारीला जन्मलेल्यांची जत्रा दिसते. वर्ष सक्तीचं, दिवस आणि महिना ऐच्छिक.

नाव. आडनाव सक्तीचं करू नका, सगळ्यांना नसतं. ओळखपत्रावर जसं आहे तसं लिहा असं सांगा कारण पुढे सर्टिफिकेटवर तेच येणार.

मोबाइल. एका नंबरवर एकच माणूस असं कधीही करू नका. घरात एकच फोन असतो कितीतरी ठिकाणी. कोविनवर (भारतात कोविड लसीच्या नोंदणीचं सरकारी पोर्टल) सुरुवातीला एका नंबरवर ४ जण चालत होते, जानेवारी २०२२ मध्ये ते ६ केले. मर्यादा ठेवा पण घराला पुरेल अशी.

ओळखपत्र. एकाच कार्डावर अडू नका, चार-पाच पर्याय द्या, आणि एकही नसलेल्यांसाठी वेगळी वाट ठेवा, म्हणजे कोणीतरी जबाबदार माणूस ओळख सांगेल अशी. भारतात मे २०२१ मध्ये कैदी, भिक्षेकरी, मनोरुग्णालयात राहणारे अशांसाठी ओळखपत्राशिवाय लस द्यायची वेगळी कार्यपद्धती काढावी लागली. ती पहिल्या दिवशीच तयार असलेली बरी.

भाषा. कोविन बाकीच्या भारतीय भाषांत यायला जून २०२१ उजाडलं, तोपर्यंत लोक इंग्रजीत अंदाजाने बटनं दाबत होते. भाषांतर शेवटी करू म्हणून ठेवलं की ते राहतंच, म्हणून फॉर्म लोकांच्या भाषेतच आधी लिहा आणि मग इंग्रजी करा.

ओटीपी. लाख माणसं एकदम आली की एसएमएस उशिरा पोचतो, तोपर्यंत ओटीपीची मुदत संपते, माणूस परत मागवतो, रांग अजून वाढते. मुदत निदान दहा मिनिटं ठेवा, आणि ओटीपी एकदाच मागा, प्रत्येक पानावर नको.

डुप्लिकेट येणारच. एकाच माणसाचं नाव मुलाने भरलेलं असतं, सुनेने भरलेलं असतं आणि मदतनीसानेही भरलेलं असतं, तिन्हीकडे स्पेलिंग वेगळं. आपोआप उडवू नका. नाव, वर्ष आणि भाग जुळणारे वेगळे काढा, माणसाने बघून एकत्र करा. एका घरात एकाच वर्षी जन्मलेल्या दोघी जावा असू शकतात, मशीनला काय कळणार.

तपासा: फॉर्म स्वस्तातल्या जुन्या फोनवर, नेटची एकच काडी असताना, मराठी कीबोर्डवरून, फोन फारसा न वापरणाऱ्या माणसाला भरायला द्या. शेजारी बसा पण बोलू नका. जिथे तो तुमच्याकडे बघेल ती जागा दुरुस्त करा.

## टप्पा ४: ज्यांच्याकडे फोन नाही त्यांची वाट

ही वाट नंतर जोडायची नाही, फॉर्मच्याच दिवशी चालू पाहिजे. तीन रस्ते ठेवा: फोन करून नोंदवणं, ठरलेल्या जागी जाऊन नोंदवणं, आणि घरोघरी जाणाऱ्या आरोग्य कार्यकर्तीने नोंदवून घेणं. भारतात १८ ते ४४ वयोगटासाठी आधी ऑनलाइन अपॉइंटमेंट सक्तीची होती, मे २०२१ च्या शेवटी सरकारी केंद्रांवर जागेवर नोंदणीची मुभा दिली, सुप्रीम कोर्टानेही फक्त पोर्टलवर विसंबण्याबद्दल प्रश्न विचारले होते. थोडक्यात, ही वाट उघडावी लागतेच, प्रश्न फक्त लवकर का उशिरा.

हे सगळे रस्ते एकाच यादीत यायला पाहिजेत. कागदावरची वेगळी यादी म्हणजे वेगळी रांग, आणि दोन रांगा झाल्या की ओळखीचे लोक छोट्या रांगेत घुसतात. कार्यकर्ती कागदावर लिहून आणत असेल तरी चालेल पण नोंदणी उघडी आहे त्याच मुदतीत ते यादीत चढलं पाहिजे.

मदतनीसांना वेगळं लॉगिन द्या, त्यावर माणसांची मर्यादा नको, पण कोणी कोणाचं नाव कधी भरलं याची नोंद राहू दे. नाहीतर काय होतं, मदतनीस स्वतःच्या मोबाइल नंबरवर गावभर नावं भरतो, मर्यादा संपली की नातेवाइकांचे नंबर वापरतो, आणि मग सगळे मेसेज त्याच्या फोनवर. तो त्या दिवशी बाहेरगावी असला की पंधरा माणसांना आपली वेळ आलीय हे कळतच नाही. म्हणून "निरोप कोणाला द्यायचा" हा रकाना वेगळा ठेवा. शेजारी चालेल, दुकानदार चालेल, कार्यकर्ती चालेल.

## टप्पा ५: नोंदणीची खिडकी

खिडकी निदान आठवडाभर उघडी ठेवा, आणि पहिल्या मिनिटाला नोंदवणारा आणि शेवटच्या दिवशी नोंदवणारा दोघांची पत सारखी. हे फॉर्मच्या वर, जाहिरातीत, एसएमएसमध्ये, सगळीकडे लिहा: घाई करू नका, आधी नोंदवल्याने आधी मिळत नाही.

लोकांचा पहिल्या दिवशी विश्वास बसत नाही, सवय शर्यतीची असते. तरी गर्दी बरीच पातळ होते. २८ एप्रिल २०२१ ला कोविनवर १८ च्या पुढच्यांची नोंदणी दुपारी ४ वाजता उघडली आणि पहिल्याच दिवशी एक कोटीहून जास्त लोक आले, ओटीपीचा घोळ तर विचारूच नका. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये एकाच दिवशी सुमारे दहा लाख लोक नव्याने पात्र झाले आणि वेबसाइट झोपली, त्यानंतर महिनाभरात त्यांनी आधी नुसतं नाव नोंदवा, पाळी आली की आम्ही कळवतो, अशी पद्धत आणली. सर्व्हर वाढवूनही काम होतं म्हणा, पण मोठ्या सर्व्हरवर झालेली शर्यत ही शर्यतच.

नोंदणी क्रमांक सलग देऊ नका. १, २, ३ असे दिले की माणूस तो रांगेतला नंबर समजतो आणि १२ नंबरवाला ४००० नंबरवाल्याच्या आधी का नाही म्हणून भांडायला येतो. उलटसुलट अंक-अक्षरांचा क्रमांक द्या.

तपासा: खिडकी बंद व्हायच्या दोन दिवस आधी भागवार मोजा. कुठल्या भागात पात्र माणसं अंदाजे किती आणि नोंदलेली किती. एखाद्या वस्तीतून अगदीच थोडी नावं आली असतील तर तिथे माणूस पाठवा, लागली तर मुदत वाढवा. इथून पुढे ती माणसं यादीत आणता येणार नाहीत, त्यामुळे हा सगळ्यात महत्त्वाचा चेक.

## टप्पा ६: क्रम लावणं, म्हणजे चिठ्ठ्या

टप्पा १ च्या नियमाने गट पाडा. गटातले सगळे सारखेच पात्र, पण डोस कमी, तर त्या गटाच्या आत चिठ्ठ्या टाका. सगळी यादी एकत्र करून नाही.

1. यादी गोठवा. त्यानंतर कोणाचं नाव आत नाही, बाहेर नाही.
2. गोठवलेल्या यादीतले फक्त क्रमांक जाहीर करा, नावं नकोत.
3. बियाणं म्हणून, म्हणजे ज्यावरून प्रोग्रॅम सगळा क्रम काढेल असा, एक आकडा लोकांसमोर काढा. फासे टाका, नाहीतर ० ते ९ चिठ्ठ्यांमधून सहा वेळा एक-एक काढा.
4. तो आकडा प्रोग्रॅमला द्या, त्याने क्रम लावू द्या. यादी, आकडा आणि प्रोग्रॅम तिन्ही उघडे असले की कोणीही घरी बसून तोच क्रम परत काढून बघू शकतो.

स्प्रेडशीटवर करत असाल तर दोन खड्डे आहेत. एक, रँडमचं सूत्र शीटमध्ये कुठेही काही बदललं की नवीन आकडे काढतं, म्हणजे तुम्ही क्रम लावला, कोणीतरी एक स्पेलिंग दुरुस्त केलं आणि सगळे आकडे बदलले. आकडे आले की लगेच कॉपी करून फक्त व्हॅल्यू म्हणून पेस्ट करा, पीडीएफ काढा, मगच क्रम लावा. दुसरा खड्डा अजून वाईट. सॉर्ट करताना एकच कॉलम निवडला गेला की नावं हलतात आणि फोन नंबर जागेवर राहतात, यादी दिसायला एकदम व्यवस्थित, आणि निरोप जातो भलत्याच माणसाला. सॉर्टच्या आधी पाच ओळी कागदावर लिहून ठेवा, नंतर त्या पाच शोधून जुळवा.

नवराबायको दोघं पात्र असतील तर त्यांना वेगवेगळ्या दिवशी बोलावण्यात काही अर्थ नाही. दोघांची मिळून एक चिठ्ठी करा. दोन चिठ्ठ्या ठेवून "एकाची लागली की दुसरा पण" असं केलंत तर एकट्या माणसापेक्षा त्यांची संधी जवळपास दुप्पट होते, आणि एकटे राहणारे तर आधीच मागे असतात.

## टप्पा ७: निरोप

एसएमएस मराठीत पाठवताना एक माहीत पाहिजे, रोमन लिपीत एका मेसेजमध्ये १६० कॅरेक्टर बसतात पण देवनागरीत ७०. आणि मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजतात. "केंद्र" दिसायला दोन अक्षरं, खातो सहा. लांबलचक "आपणांस कळविण्यात येते की" लिहिलं की मेसेजचे तुकडे होतात, आणि साध्या फोनवर ते तुकडे उलटसुलट येऊ शकतात, वेळ एकीकडे, जागा दुसरीकडे. असं लिहा:

लस: मंगळ १२ तारीख, स. १०-१०.३०, केंद्र २. कोड ४८१७. नको तर ० पाठवा

एका मेसेजात बसतं. उत्तरात शून्य मराठी आलं काय नि इंग्रजी आलं काय, दोन्ही धरा.

लिंक टाकू नका. लसीच्या नावाने खोट्या लिंका आणि खोटी ॲप फिरतातच, तुमच्या मेसेजमध्ये कधीच लिंक नसते हे लोकांना एकदा कळलं की खोटा मेसेज ओळखू येतो.

कोड माणसागणिक वेगळा आणि एकदाच चालणारा. कॅलिफोर्नियात २०२१ च्या सुरुवातीला कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्यांसाठी वेळा राखून खास कोड दिले होते, पण एकच कोड कोणालाही चालत होता, तो ग्रुपवरून फिरत फिरत लॉस एंजेलिसच्या सधन लोकांपर्यंत गेला आणि त्यांनी वेळा घेऊन टाकल्या. राखीव वाटा होता, नियम बरोबर होता, कोडने घात केला.

उत्तर द्यायला निदान दोन दिवस द्या. उत्तर नाही आलं तर फोन करा, दोन वेगळ्या वेळांना. तरी नाही तर जागा पुढच्याला, पण त्या माणसाला यादीतून काढू नका, पुढच्या फेरीत त्याचा क्रम तसाच ठेवा. पहिल्यांदा न आलेला माणूस बेजबाबदारच असतो असं नाही, बऱ्याचदा त्या दिवशीची मजुरी बुडत असते. संध्याकाळची किंवा सुटीच्या दिवशीची वेळ मागता आली पाहिजे.

## टप्पा ८: केंद्रावर

क्रम असा: कोड विचारा, ओळख बघा, पात्रता बघा, टोचा, मग नोंद करा. गर्दीत ऑपरेटर सकाळीच सगळी यादी "झालं" करून टाकतो म्हणजे दिवसभर डोकेदुखी नको. कोविनवर असंच झालं, लोकांनी वेळ घेतली होती, गेलेच नाहीत, आणि लस मिळाली म्हणून मेसेज आला. त्यावर ८ मे २०२१ पासून चार आकडी सुरक्षा कोड आणला, माणूस समोर येऊन कोड सांगेल तेव्हाच नोंद. तुमच्याकडे पण कोड माणसाकडूनच विचारा, ऑपरेटरच्या स्क्रीनवर तो दिसताच कामा नये, नाहीतर त्याचा उपयोग शून्य.

नेट जाणार हे धरून चाला. आदल्या संध्याकाळी त्या दिवसाची यादी छापून घ्या, कागदावर वेळ, लॉट नंबर (व्हायलवर छापलेला) आणि सही घ्या, नेट आलं की चढवा. चढवताना लस दिल्याची खरी वेळ टाका, चढवल्याची नाही, दुसऱ्या डोसची तारीख त्यावरून निघते. कागद कुलपात, काम झालं की नष्ट करा.

उरलेले डोस. इथेच सगळ्यात जास्त वशिला चालतो, कारण दिवस संपत आलेला असतो, व्हायल उघडलेली असते आणि समोर कोणाचा तरी मेहुणा उभा असतो. राखीव यादी आधीच बनवा: टप्पा ६ मधल्याच क्रमाने पुढचे, त्यातले जे अर्ध्या तासात पोचू शकतो म्हणालेत ते. शेवटची व्हायल उघडायच्या आधी किती जण बाकी आहेत मोजा, कमी असतील तर तेव्हाच राखीव यादीला फोन लावा, संध्याकाळी पाचला नाही. कोणाला फोन केला, उचलला का, आला का, लिहा. यादी संपली आणि तरी दोन डोस उरले तर समोर जो असेल त्याला द्या, फेकण्यापेक्षा बरं, पण ते पण लिहा.

थांबा: सर्टिफिकेटवरचं नाव आणि वर्ष माणूस खुर्चीत बसलेला असतानाच त्याला दाखवा. तिथे दुरुस्त करायला मिनिट लागतं, नंतर महिने जातात.

## टप्पा ९: रोज संध्याकाळी बघायचं

भागवार आणि गटवार तीन आकडे काढा: नोंदलेले, बोलावलेले, प्रत्यक्ष मिळालेले. गळती कुठे आहे त्यावर इलाज ठरतो. नोंदणीच कमी असेल तर टप्पा ४ तपासा. बोलावले पण आले नाहीत तर निरोप, वेळ नाहीतर अंतर. एकूण आकडा छान दिसतोय म्हणून खूश होऊ नका, एकूण आकड्यात एखादी अख्खी वस्ती लपते. केंद्र सगळ्यांना खुलं असेल तर हे फार होतं. मे २०२१ मध्ये शहरातले लोक जिथे स्लॉट दिसेल तिथे गाडीने जाऊन गावातल्या केंद्रांवर लस घेऊन येत होते, केंद्राचा आकडा मस्त, गावातले लोक तसेच. म्हणून केंद्राच्या नाही, माणसाच्या पत्त्याने मोजा.

तक्रारीला क्रमांक, उत्तराची मुदत आणि उत्तर देणाऱ्या माणसाचं पद ठरवा. "माझा नंबर का नाही लागला" ह्याला उत्तर देता आलंच पाहिजे: तुम्ही ह्या गटात, गटात एवढे लोक, डोस एवढे, तुमचा चिठ्ठीतला क्रम अमुक. तक्रार बरोबर निघाली तर त्या माणसाला पुढच्या फेरीत आधी बसवा, गोठवलेल्या यादीत मधेच घुसवू नका.

बाहेरच्या ॲपवाल्यांना मोकळे स्लॉट दिसतील अशी सोय देऊ का, असं विचारणारे येतील. वेळ तुम्ही देताय, लोक पकडत नाहीत, त्यामुळे त्याची गरजच नाही. कोविनच्या वेळी मोकळा स्लॉट दिसला की टेलिग्रामवर अलर्ट देणारे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, निघाले होते, ज्याला बॉट लावता येतो तो पुढे.

मोहीम संपली की त्याच आठवड्यात मदतनीसांची आणि ऑपरेटरांची सगळी लॉगिन बंद करा, कोणाच्या पेन ड्राइव्हवर, मेलमध्ये, फोनच्या गॅलरीत यादीचे फोटो आहेत का विचारून पुसून घ्या, आणि सर्टिफिकेट व दुसऱ्या डोसला लागतं तेवढंच ठेवून बाकीचा डेटा उडवा. उडवल्याची तारीख आणि कोणी उडवला ते रजिस्टरला लिहा.